दर मिलिलिटरला एक लाख: युरोपच्या बाजारात उतरलेल्या एका पोलिश दूध संघाचं प्रकरण

हे प्रकरण उत्तर-पूर्व पोलंडमधल्या एका सहकारी दूध संघाचं आहे. काळ साधारण १९९८ ते २००६. संघ आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत, आणि काही किरकोळ गोष्टी शेजारच्या संघांमधल्या घेतल्या आहेत. कायदे, तारखा आणि सरकारी आकडे मात्र जसेच्या तसे दिले आहेत.

पार्श्वभूमी

बियावीस्तोक शहराच्या पश्चिमेचा हा मुलूख रेताड आणि गवताळ. गहू-बीट फारसं येत नाही, त्यामुळे घरोघरी गाई. साम्यवादी राजवटीतही पोलंडमधली बहुतेक शेती खाजगी राहिली होती, त्यामुळे १९८९ नंतर इथे जमिनीचं वाटप वगैरे काही झालं नाही. लहान शेतकरी लहानच राहिले. देशभरात एका घरामागे सरासरी तीन-चार दुभत्या गाई असायच्या. या संघाचे सभासद त्याहून थोडे बरे, पण दहा-बारा गाई असलेला माणूस गावात मोठा समजला जायचा.

दुधाची वाट जुनीच होती. संध्याकाळची धार कॅनमध्ये भरायची, कॅन विहिरीच्या पाण्याच्या हौदात ठेवायचा, सकाळची धार झाली की दोन्ही कॅन गावच्या संकलन केंद्रावर न्यायचे. तिथे फॅट बघायचं, दूध एकत्र करायचं आणि गाडी आली की कारखान्यात पाठवायचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायला नको. (पोलंड म्हटलं की कोल्हापुरात अजून वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून हुसकावले गेलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण आठवण आल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

संघाचे दोन कारखाने होते. मोठ्या गावातल्या मुख्य कारखान्यात गौडा पद्धतीचं पिवळं चीज तयार व्हायचं. वीसेक किलोमीटरवरच्या जुन्या कारखान्यात पिशवीतलं दूध, लोणी आणि त्वारुग. त्वारुग म्हणजे आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं ताजं, आंबूस चीज. पोलिश घरात ते रोज लागतं. हा जुना कारखाना तोट्यात होता, पण तिथल्या कामगारांच्या घरातली माणसंच संघाची सभासद होती, त्यामुळे तो विषय वार्षिक सभेत कोणी काढत नसे.

अडचण

पहिला धक्का १ डिसेंबर १९९७ ला बसला. युरोपीय संघाच्या तपासनिसांना पोलंडच्या डेअऱ्यांमध्ये स्वच्छतेच्या त्रुटी आढळल्या होत्या, आणि ब्रुसेल्सने पोलिश दुग्धपदार्थांची आयात थांबवली. पुढे मोजक्या कारखान्यांना पुन्हा परवानगी मिळाली. हा संघ त्यांत नव्हता, पण त्याला तेव्हा फारसं वाईटही वाटलं नाही, कारण त्याचं जास्तीचं चीज पूर्वेला जायचं. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाचा रूबल कोसळला आणि तेही गिऱ्हाईक गेलं. त्याच वर्षी ३१ मार्चला पोलंडच्या युरोपीय संघातल्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. म्हणजे एकीकडे पूर्वेचा बाजार बुडालेला, पश्चिमेचा बंद, आणि पाच-सहा वर्षांत आपलाच बाजार पश्चिमेच्या नियमांखाली जाणार हे स्पष्ट झालेलं.

नियम होता युरोपीय संघाच्या ९२/४६ क्रमांकाच्या निर्देशातला. कच्च्या गाईच्या दुधात दर मिलिलिटरला जीवाणू १ लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी, म्हणजे गाईच्या शरीरातून दुधात येणाऱ्या पेशी, ४ लाखांच्या आत. जीवाणूंची सरासरी दोन महिन्यांची, महिन्याला किमान दोन नमुने घेऊन. पेशींची तीन महिन्यांची, महिन्याला किमान एक नमुना घेऊन. पोलिश प्रतवारीत ‘एक्स्ट्रा’ नावाचा वर्ग नेमका याच मर्यादांचा होता. खाली पहिला आणि दुसरा वर्ग. संघाचं निम्म्याहून जास्त दूध या खालच्या दोन वर्गांत पडत होतं.

मदत नव्हती असं नाही. वॉर्सातल्या युरोपीय एकात्मीकरण समितीच्या कार्यालयाकडून पुस्तिका येत. युरोपीय आयोगाने १९८७ पासून लहान उद्योगांसाठी उभारलेल्या युरो इन्फो सेंटरांचं जाळं पोलंडमध्येही होतं. परिसंवाद होत, प्रमाणपत्रं मिळत. संघाच्या कार्यालयात या पुस्तिकांचा एक अख्खा कप्पा भरला होता. त्यात एकसंध बाजारपेठ म्हणजे काय, चार स्वातंत्र्यं कोणती, सीमाशुल्क कसं जाणार, हे सगळं होतं. पाच गाईंच्या गोठ्यातला माणूस उद्या सकाळी वेगळं काय करणार, हे मात्र त्यातल्या एकाही पुस्तिकेत नव्हतं.

दूध कुठे बिघडत होतं

हा भाग मी मुद्दाम लांबवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

दूध संघांच्या महासंघाकडून सल्लागार म्हणून आलेल्या डॉक्टरबाई मूळच्या पशुवैद्यक. संचालक मंडळाची अपेक्षा होती की त्या कारखान्यातल्या फरशा, पाइप आणि पाश्चरायझर बघून खर्चाचा अंदाज देतील. त्यांनी पहिल्या आठवड्यात कारखान्यात पाऊलही टाकलं नाही. एकाच गावच्या दुधाचे तीन ठिकाणी नमुने घेतले: गोठ्यात धार काढल्या काढल्या, संकलन केंद्रावर, आणि कारखान्याच्या दारात.

गोठ्यातलं बहुतेक दूध ठीक होतं. केंद्रावर येईपर्यंत जीवाणू काही पटींनी वाढलेले, आणि कारखान्यात पोचेपर्यंत ते मोजण्यात अर्थ उरत नव्हता. हौदातलं पाणी उन्हाळ्यात थंड राहत नाही, रात्रभर ठेवलेलं दूध सकाळच्या कोमट दुधात मिसळतं, आणि केंद्रावर चांगल्या-वाईटाची एकच टाकी. निर्देश सांगत होता की दोन तासांत उचल होणार नसेल तर दूध लगेच ८ अंशांपर्यंत थंड करा, रोज उचल नसेल तर ६ अंशांपर्यंत.

इथवर उत्तर सोपं वाटत होतं: गोठ्यावर शीतक टाकी द्या. पण पेशींचं गणित वेगळं होतं. सोमॅटिक पेशी वाढतात त्या कासेला सूज आल्यामुळे, म्हणजे आपल्याकडे जिला दगडी म्हणतात तिच्यामुळे. बरेचदा ती बाहेरून दिसतच नाही, गाय धडधाकट असते, दूधही पांढरंशुभ्र असतं. थंड केल्याने जीवाणूंची वाढ थांबते, पेशी आहेत तेवढ्याच राहतात. टाकी घेतली म्हणजे एक्स्ट्रा झालो, असं मानणाऱ्या पहिल्या काही सभासदांचं दूध जीवाणूंत पास झालं आणि पेशींत नापास.

एका बैठकीत सात गाईंच्या एका बाईंनी अहवालाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. जीवाणू ६० हजार, पेशी ७ लाखांवर. “डॉक्टरबाई, टाकीचं कर्ज मी फेडतेय आणि दर मला खालचाच मिळतोय. टाकी परत घ्या.” डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यात गेल्या. प्रत्येक गाईच्या चारही सडांचं दूध चार खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या पाळ्यात वेगवेगळं घेतलं आणि त्यात तपासणीचं द्रावण मिसळलं. दोन गाईंचं दूध लगेच जेलीसारखं घट्ट झालं. ७ लाखांतला बराचसा वाटा त्या दोघींचा होता. त्यातली एक घरातली सगळ्यात जास्त दूध देणारी.

ती गाय ठेवायची की काढायची, हा युरोपीय बाजाराच्या तयारीतला प्रश्न आहे असं कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

२००१ च्या शेवटी संचालक मंडळापुढे चार रस्ते होते.

पहिला, दोन्ही कारखाने युरोपीय दर्जाला न्यायचे. खर्च संघाच्या ऐपतीबाहेरचा.

दुसरा, संक्रमण काळाची सवलत मागायची. वाटाघाटींत पोलंडला अशी मुभा मिळेल अशी चिन्हं होती आणि शेवटी ती मिळालीही: ११३ दूध कारखान्यांना ३१ डिसेंबर २००६ पर्यंत, आणि मांसाच्या ३३२ कारखान्यांना २००७ च्या अखेरपर्यंत. अट अशी की त्यांचा माल वेगळ्या शिक्क्यानिशी फक्त देशातच विकायचा. मंडळात हा पर्याय सगळ्यांत लोकप्रिय होता. कारण उघड आहे: आज कोणालाच दुखवावं लागत नव्हतं.

तिसरा, शेजारच्या मोठ्या संघात विलीन व्हायचं. ग्रायेवो आणि विसोके माझोव्येत्स्के इथले संघ तेव्हाच वाढू लागले होते आणि पुढे त्यांनी अनेक लहान संघ सामावून घेतले. सभासदांना यात दुधाचा भाव बरा मिळाला असता. पण कारखाना, कामगार आणि अध्यक्षपद तिन्ही गेलं असतं, आणि यातली शेवटची गोष्ट चर्चेत कधीच उघड बोलली गेली नाही.

चौथा, परदेशी कंपनीला विकायचं. दानोन, त्सॉट, होखलांड पोलंडमध्ये आल्याच होत्या. इथे कोणी विचारायला आलं नाही, त्यामुळे हा पर्याय कागदावरच राहिला.

डॉक्टरबाईंनी पाचवा मांडला: मुख्य कारखाना फक्त चीजसाठी युरोपीय दर्जाला न्यायचा, जुन्यासाठी सवलत मागायची, आणि पहिला पैसा कारखान्याऐवजी गोठ्यावर घालायचा. “पान प्रेझेस (अध्यक्षसाहेब), कारखाना तुम्ही एका वर्षात बांधाल. गोठे बदलायला तीन वर्षं लागतील. उलट्या क्रमाने केलंत तर स्टीलच्या नव्या टाक्यांत जुनंच दूध ओताल.”

अध्यक्षांची हरकत बिनबुडाची नव्हती. कारखान्याला अनुदान मिळणार होतं. गोठ्याला मिळेलच असं नव्हतं.

पहिला निर्णय: पैसा आधी कुठे

अनुदान म्हणजे सापार्ड. सदस्य होऊ घातलेल्या देशांच्या शेती आणि प्रक्रिया उद्योगासाठी युरोपीय संघाने १९९९ मध्ये आणलेली योजना. पोलंडचा वाटा सगळ्यांत मोठा, वर्षाला सुमारे १७ कोटी युरो. पण पैसे वाटणाऱ्या सरकारी यंत्रणेला आधी ब्रुसेल्सची मान्यता लागत होती आणि ती रखडली. पोलंडमध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली जुलै २००२ मध्ये, सदस्यत्वाला दोन वर्षंही उरली नसताना.

त्यातही खर्च आधी स्वतः करायचा, काम पूर्ण झाल्यावर बिलं तपासून जास्तीत जास्त निम्मे परत मिळायचे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच मदत, अशी ही रचना. संघाने स्थानिक सहकारी बँकेकडून मधल्या काळाचं कर्ज घेतलं, तारण मुख्य कारखान्याची इमारत. शेतकऱ्यांसाठीही सापार्डमध्ये तरतूद होती, पण पाच गाईंच्या माणसाने तो अर्ज, ती आराखडापत्रं आणि आधीचा खर्च झेपवणं अवघड होतं.

म्हणून गोठ्यांसाठी संघाने स्वतःच शीतक टाक्या घाऊक विकत घेतल्या, त्यांतल्या बऱ्याच पश्चिमेकडच्या देशांत वापरलेल्या. सभासदाला टाकी द्यायची, हप्ता दूध बिलातून कापायचा, आणि कर्ज फिटेपर्यंत दूध याच संघाला घालायचं असा करार. ही शेवटची अट तेव्हा कोणी नीट वाचली नाही. पुढे तीच संघाच्या कामी आली.

मंडळाने शेवटी दोन्हीकडे पैसा लावला, गोठ्याला आधी आणि कारखान्याला सहा-सात महिने उशिरा. डॉक्टरबाईंना हवं होतं तेवढं झालं नाही, अध्यक्षांना हवं होतं तेही नाही.

दुसरा निर्णय: सामायिक टाकी

लहान सभासदांसाठी युक्ती निघाली. तीन-चार घरांत एक टाकी, ज्याच्या अंगणात वीज आणि रस्ता चांगला त्याच्याकडे ठेवायची. कागदावर हे उत्तम होतं. प्रत्यक्षात दर ठरायचा टाकीतल्या दुधावर, आणि चार घरांतल्या एका गोठ्यात दगडी असली की चौघांचा दर पडायचा. कोणाची गाय खराब यावरून शेजाऱ्यांत बोलणं बंद झाल्याची उदाहरणं आहेत. एका ठिकाणी टाकी ज्याच्या अंगणात होती त्याने रात्री तिला कुलूप लावायला सुरुवात केली.

मग प्रत्येकाचा नमुना टाकीत ओतण्याआधी वेगळा घ्यायचं ठरलं. त्यासाठी बाटल्या, पट्टीचे क्रमांक, नमुने गोळा करणारा माणूस आणि प्रयोगशाळेचं शुल्क, असा नवा खर्च उभा राहिला. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली: दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या हातात स्वतःची चिठ्ठी येऊ लागली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लोकांना बदलायला लावणारी एकमेव वस्तू ती चिठ्ठी होती. चिठ्ठीवर दोन आकडे आणि खाली त्या पंधरवड्याचा दर. एक्स्ट्रा आणि खालचा वर्ग यांतला दरातला फरक संघाने टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, त्यामुळे आकडा वाचायला कोणाला परिसंवादाची गरज उरली नाही.

तिसरा निर्णय: संकलन केंद्रं बंद

२००३ च्या पानगळीत, म्हणजे ७-८ जूनच्या सार्वमतात ७७ टक्क्यांहून जास्त मतं सदस्यत्वाच्या बाजूने पडल्यानंतर, संघाने गावोगावची केंद्रं बंद करायला घेतली. टाकी नाही त्याचं दूध उचलणार नाही. यापुढे टँकर एक दिवसाआड थेट गोठ्यावर येईल.

यातून गळाले ते एक-दोन गाईंचे, वयस्कर, बहुतेक वेळा एकटे राहणारे सभासद. त्यांच्यासाठी दुधाचं बिल ही महिन्याची एकमेव रोकड होती. संघाने पत्र पाठवून दोन महिन्यांची मुदत दिली. काहींनी गाई विकल्या, काहींनी शेजाऱ्याच्या नावावर दूध घालायला सुरुवात केली.

शेजाऱ्याच्या नावावर दूध घालणं त्याआधीही चालायचं, आणि त्याने आणखी एक गुंता झाला. कोपनहेगनमध्ये १३ डिसेंबर २००२ ला संपलेल्या वाटाघाटींत पोलंडला दुधाचा वार्षिक कोटा, म्हणजे वर्षाला किती दूध विकता येईल याची मर्यादा, मिळाला होता, सुमारे ८९.६ लाख टन. तो शेतकऱ्यांत वाटायचा तो १ एप्रिल २००२ ते ३१ मार्च २००३ या वर्षात कोणी किती दूध घातलं त्यावरून. ज्यांनी त्या काळात दूध शेजाऱ्याच्या खात्यावर घातलं होतं, किंवा दारोदार विकलं आणि नोंद ठेवली नव्हती, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. उलट, त्या वर्षी कर्ज काढून गाई वाढवणाऱ्यांना तुटपुंजा कोटा मिळाला, कारण गाई विकत घेतल्या तेव्हा वर्ष संपत आलं होतं. संघाच्या कार्यालयात नोंदी होत्या. पण त्या वर्षाचं महत्त्व सभासदांना वेळेवर सांगणं हे कोणाचंच काम ठरलेलं नव्हतं.

मालाचं काय

कारखान्यातला भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सरळ पार पडला. कच्च्या आणि तयार मालाच्या वाटा वेगळ्या केल्या, चीज पिकवण्याच्या खोल्या नव्याने बांधल्या, हॅसप या अन्नसुरक्षा पद्धतीची कागदपत्रं तयार केली. सदस्यत्वाआधी काही आठवडे मुख्य कारखान्याला मान्यता क्रमांक आणि लंबगोल शिक्का मिळाला.

एक अडचण लोण्याची आली. युरोपीय नियमानुसार लोणी म्हणून विकायचं तर दुधाची फॅट किमान ८० टक्के हवी. जुन्या कारखान्यातलं सगळ्यांत खपणारं स्वस्त लोणी त्याखाली होतं. फॅट वाढवली तर दर वाढणार, नाव बदललं तर गिऱ्हाईक बिचकणार. संघाने नाव बदललं. विक्री पडली आणि पुन्हा उठली नाही.

काय झालं

१ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघाचा सदस्य झाला. त्याआधी गावात बोललं जायचं ते असं: जर्मन आणि डच चीज दुकानांत येईल आणि आपलं संपेल. झालं ते वेगळंच. पश्चिमेचे व्यापारी माल विकायला नंतर आले, आधी ते विकत घ्यायला आले. साय, दूध भुकटी, घाऊक चीज, जे मिळेल ते. दुधाचा भाव चढला, आणि संघाची खरी स्पर्धा सुरू झाली ती डच चीजशी नव्हे, तर शेजारच्या मोठ्या पोलिश संघांशी, कच्च्या दुधासाठी. त्यांचे टँकर याच रस्त्यांवरून फिरू लागले आणि लिटरमागे काही ग्रोशी, म्हणजे पोलिश पैसे, जास्त देऊ लागले. गंमत अशी की सगळ्यांत आधी त्यांच्याकडे वळायला तयार झाले ते एक्स्ट्रा दूध देणारे मोठे सभासद, म्हणजे ज्यांच्यावर संघाने सगळ्यांत जास्त खर्च केला होता. टाकीच्या करारातली ती अट नसती तर पहिल्याच वर्षी यातले बरेच गेले असते.

दुसरी गोष्ट चलनाची. २००४ च्या सुरुवातीला एका युरोला पावणेपाच पोलिश झ्लॉटींच्या आसपास मिळत होते. वर्षअखेरीस हा दर चारच्या थोडा वर आला. संघाने आयुष्यात पहिल्यांदा जर्मनीतल्या एका घाऊक खरेदीदाराशी युरोत करार केला होता, आणि दुधाचे पैसे मात्र सभासदांना झ्लॉटीत द्यायचे होते. चीज तितकंच गेलं, हाती आलेले पैसे कमी. तयारीच्या पाच-सहा वर्षांत जीवाणू, पेशी, फरशा, लेबलं या सगळ्यांवर बैठका झाल्या. विनिमय दरावर एकही झाली नव्हती. बँकेकडून पुढच्या तारखेचा दर आधीच बांधून घेता येतो, हे संघाच्या हिशेबनिसाला २००५ मध्ये कळलं.

जुन्या कारखान्याला संक्रमण काळाची सवलत मिळाली. पुढच्या दोन वर्षांत तिथे एकही मोठी गुंतवणूक झाली नाही, कारण होणार नव्हतीच. सवलत सुधारणेसाठी होती, संघाने ती निर्णय पुढे ढकलण्यासाठी वापरली. २००६ च्या मध्यावर कारखाना बंद झाला, आणि जे कामगार २००२ मध्ये दुसरीकडे काम शोधू शकले असते त्यांना ते चार वर्षांनी मोठ्या वयात शोधावं लागलं. त्वारुगचं उत्पादन मुख्य कारखान्यात आणलं, आणि आज पाहिलं तर देशातल्या बाजारात त्यानेच संघाला धरून ठेवलं.

सभासदांची संख्या निम्म्याच्या आसपास आली, दूध मात्र घटलं नाही. राहिले त्यांच्याकडे गाई वाढल्या. २००५-०६ च्या कोटावर्षात पोलंडने पुरवठ्याचा कोटा ओलांडला, आणि ज्या मेहनती सभासदांनी गोठा वाढवला होता त्यांच्यावरच अतिरिक्त दुधाच्या दंडाची वेळ आली. सभेत एकाने विचारलं, “वाढवा म्हणालात ते तुम्हीच ना?” त्याला मंडळाने दिलेलं उत्तर इतिवृत्तात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, चिठ्ठी. तिला युरोपची, अनुदानाची किंवा टाकीची वाट पाहायची गरज नव्हती. प्रत्येक गोठ्याचा नमुना आणि त्याचे दोन आकडे १९९८ मध्येही देता आले असते. तेव्हा दर बदलायची हिंमत नसती तरी चाललं असतं. दगडीच्या गाई चार वर्षं आधी सापडल्या असत्या, आणि सामायिक टाक्यांवरून झालेली भांडणं निम्मी तरी टळली असती.

टाकी आणि पेशी यांची गल्लत सल्ला देणाऱ्यांच्या बाजूने झाली. डॉक्टरबाईंना फरक माहीत होता, पण टाक्यांचे करार करत गावोगाव फिरलेल्या संघाच्या कर्मचाऱ्यांनी ‘टाकी घ्या, एक्स्ट्रा व्हा’ एवढंच सांगितलं, कारण तेवढंच विकायला सोपं होतं. करारासोबत प्रत्येक गाईची एक तपासणी जोडली असती तर खर्च किरकोळ वाढला असता.

कोट्याच्या वर्षाची माहिती वॉर्सात होती, महासंघात होती, संघाच्या कार्यालयातही असावी. ती दूध बिलाच्या मागच्या बाजूला छापली असती तर प्रत्येक घरात पोचली असती. पुस्तिका कोणी उघडत नव्हतं, बिल मात्र सगळे दोनदा वाचत होते.

जुन्या कारखान्याबद्दल माझं मत संचालकांपैकी अनेकांना पटणार नाही. तो २००२ मध्येच, सापार्डचा अर्ज भरताना, बंद करायला हवा होता, आणि त्याच्या दुरुस्तीवर गेलेला पैसा कामगारांच्या भरपाईला द्यायला हवा होता. याविरुद्धचा युक्तिवादही खरा आहे: त्या वर्षी तो बंद केला असता तर वार्षिक सभेने मंडळच बदललं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं.

राहिले एक-दोन गाईंचे सभासद. युरोपीय निधीतून ५५ वर्षांवरच्या शेतकऱ्यांना जमीन सोडल्यास पेन्शन देणारी योजना २००४ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. केंद्रं बंद झाली त्याआधीच्या पानगळीत. नियमाप्रमाणे खालच्या वर्गाचं दूध काही कारखान्यांना वेगळं ठेवून २००६ अखेरपर्यंत घेता येत होतं. जुना कारखाना तसाही देशातल्या बाजारापुरताच चालू होता. दोन-तीन केंद्रं आणखी वर्षभर चालू ठेवून ते दूध तिथे वळवलं असतं, तर गाई विकलेल्यांपैकी काही जण पेन्शनचा अर्ज भरेपर्यंत तग धरू शकले असते. त्या वर्षीच्या इतिवृत्तात हा पर्याय कोणी मांडल्याची नोंद नाही. टँकरच्या नव्या मार्गांचा नकाशा मात्र त्याला जोडलेला आहे, आणि बंद झालेली गावं त्यावर दाखवलेली नाहीत.